म्हस कुठं हाय, दाव बगू

आमच्या घरी कॉम्प्युटर आला तो टेंपोतून, गोधडीत गुंडाळून. माझा नवरा खोपोलीच्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये कामाला होता. कारखान्याने नवे कॉम्प्युटर घेतले आणि जुने कामगारांना देऊन टाकले, त्यातला हा एक. ठेवायला टेबल नव्हतं, म्हणून माझ्या शिलाई मशीनचं डोकं आत पाडलं आणि त्या फळीवर तो बसवला. पुढे कितीतरी वर्षं मला ब्लाउज शिवायला शेजारणीकडे जावं लागलं.

तेव्हा आम्ही कडावला सासरच्या घरात राहायचो. सासऱ्यांना घरात सगळे दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणायचे. दादांची भातशेती होती, दोन म्हशी होत्या, आणि सकाळी कर्जतला दूध घालायचं कामही तेच करायचे. माणूस बोलका. दूध घालून यायला जेवढा वेळ लागायचा त्याच्या दुप्पट वेळ वाटेतल्या गप्पांत जायचा. बांधावरून त्यांनी हाक मारली की ओढ्यापलीकडचा माणूस वळून बघायचा. माझं माहेर खालापूरचं. लग्न होऊन आले तेव्हा सुरुवातीला त्या आवाजाची मला भीती वाटायची. दादा साधं ‘च्या दे गं’ म्हणाले तरी मी दचकायचे.

मी गावात बालवाडी चालवायचे. मुंबईला स्थायिक झालेल्या गावच्याच एका माणसाने बालवाडीलाही एक कॉम्प्युटर दिला होता आणि त्याच्याबरोबर लहान मुलांच्या सीड्या. रंग ओळखा, आकार जुळवा, लहान-मोठं सांगा, असे खेळ होते. चांगले होते, पण सगळे इंग्रजीत. लाल सफरचंद नाचत यायचं, बर्फाचा माणूस टोपी काढून काहीतरी म्हणायचा. मुलं रंग बघत बसायची आणि माऊस ओढायला भांडायची. एका मुलीने मला विचारलं, “बाई, ह्यो पांढरा कोन?” मी म्हटलं, बर्फाचा माणूस. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, “मंग ह्येला रंगीत पानी कवा लावतात?” तिला बर्फाचा गोळा तेवढा माहीत होता.

त्या दिवशी जेवताना मी हे घरी सांगितलं. दादा खूप हसले. नवरा हसला नाही. जेवून हात धुतल्यावर म्हणाला, “आपणच करू या का एखादा खेळ?”

मला वाटलं, बोलून विसरून जाईल. पण त्याने कर्जतला कॉम्प्युटरचा क्लास लावला. कारखान्यातून सुटला की परस्पर तिकडे जायचा. हळूहळू त्याला चित्रं काढता यायला लागली. पहिली म्हैस काढली तिला पाच पाय दिसत होते, कारण शेपूट चुकीच्या जागी आलं होतं. दादांनी ती बघितली आणि शांतपणे म्हणाले, “दूध लय देईल ही.” मग ते रोज संध्याकाळी त्याच्या मागे उभे राहून म्हशीची शिंगं दुरुस्त करायला लागले. अजून वाकव, अजून मागं ने.

चित्रं झाली, मग आवाजाचा प्रश्न आला. आधी माझा आवाज घेतला. मी बालवाडीतल्या बाईंच्या सुरात म्हटलं, “मुलांनो, म्हैस कुठे आहे? दाखवा पाहू.” सीडी बालवाडीत लावली तर मुलं हाताची घडी घालून, तोंडावर बोट ठेवून बसली. कोणी माऊसला हातच लावेना. मग नवऱ्याने स्वतःचा आवाज भरला. तो असा बोलला, जणू स्टोअरमधला माल मोजून देतोय. एका रविवारी दुपारी आम्ही दोघं यावरून वाद घालत होतो, तेवढ्यात दादा दुधाचा रिकामा कॅन घेऊन ओट्यावर आले. उभ्या उभ्या ऐकलं आणि म्हणाले, “पोरांशी असं बोलत्यात का रं? सर बाजूला, मी बोलतो.”

माईक हातात घेऊन त्यांनी विचारलं, “ह्याच्यात पोरं हायेत असं समजू ना?” आणि आमच्या उत्तराची वाट न बघता बोलले, “म्हस कुठं हाय, दाव बगू.”

दुसऱ्यांदा घ्यायची गरजच नव्हती.

मग पुढचे कितीतरी रविवार त्यातच गेले. पंखा बंद, खिडक्या बंद, सासूबाई कोंबड्या हाकलायला परसात. बरोबर आलं की दादा म्हणायचे, “शाबास रं माझ्या वाघा.” चुकलं की, “नाय रं, परत बग. घाई कशाला?” मुलींसाठी वेगळं, “शाबास गं माझी बाय.” आकडे भरायची वेळ आली तेव्हा दादांनी सुरुवात केली, “लाभ, दोन, तीन…” नवऱ्याने थांबवलं. “दादा, एक म्हणा.”

“भात मोजताना कुनी एक म्हनतं का? लाभच म्हनायचं.”

“पण ही पोरं भात मोजत नाहीत.”

“उद्या मोजतील ना,” दादा म्हणाले. शेवटी ‘एक’ म्हणाले, पण नाराजीने. ते ‘एक’ ऐकलं की अजून कळतं की माणूस रुसलाय. ‘सात’ म्हणताना सासूबाईंची नजर चुकवून एक कोंबडा खिडकीखाली येऊन आरवला. पुन्हा घ्यायचं राहूनच गेलं. त्यामुळे आमच्या बालवाडीतली पोरं सहा, सात, कुकूचकू, आठ असं मोजायला शिकली. पहिलीच्या गुरुजींनी मला बोलावून विचारलं, बाई, हे काय आहे?

बालवाडीत तो खेळ लावला त्या सकाळी मुलं पडद्याच्या मागे जाऊन बघून आली. आवाज ओळखीचा होता, रोज रस्त्याने ऐकू येणारा. त्याच वेळी खरे दादा म्हशी घेऊन खिडकीसमोरून चालले होते आणि कोणावर तरी ओरडत होते. एक पोरगा एकदा पडद्याकडे, एकदा खिडकीकडे बघून म्हणाला, “बाई, आजा दोन हायेत.”

ते दिवस चांगले होते. बोलायला घाबरणारी मुलं पडद्यावरच्या आजाशी बोलायची. लहान-मोठं, वर-खाली, जास्त-कमी, काळं-पांढरं, सगळं त्यांना त्या खेळातून यायला लागलं. दादांनाही त्याचा अभिमान होता. दुधाच्या गिऱ्हाइकांना सांगायचे, “मी शाळंत मास्तर हाय. पगार नाय घेत.”

आमची मुलगी बालवाडीच्या वयाची झाली त्या वर्षीची गोष्ट. भाताची झोडणी चालू होती. दादा खळ्यावर पेंढा बांधत होते आणि बांधता बांधता खाली बसले. सासूबाईंना वाटलं, दमले असतील. पाणी घेऊन गेल्या तर दादांच्या उजव्या हातातून तांब्या सुटला. काहीतरी सांगायला त्यांनी तोंड उघडलं आणि नुसता आवाज आला, शब्द आला नाही. कर्जतच्या डॉक्टरांनी लगेच पनवेलला न्यायला सांगितलं. तिथे कळलं की मेंदूत रक्ताची गाठ झाली आहे. जीव वाचला. पाय हळूहळू चालेल, हात थोडा चालेल, असं डॉक्टर म्हणाले. बोलण्याचं विचारलं तर म्हणाले, “त्यांना सगळं समजतंय. शब्द आत आहेत, पण बाहेर यायची वाट बंद झालीय. तुम्ही बोलत राहा, त्यांच्याकडून बोलून घ्या.”

दवाखान्यात बोलणं शिकवणारी एक मुलगी होती. तिने चित्रांची कार्डं दिली. सफरचंद, विमान, छत्री, पियानो. रोज दाखवा आणि नाव विचारा, म्हणाली. घरी आल्यावर मी पहिल्या दिवशी कार्डं दाखवली. दादांनी बघितली, ओठ हलवले, मग तोंड भिंतीकडे केलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी डाव्या हाताने कार्डं खाली पाडली.

सगळ्यात वाईट म्हणजे लोक. आधी गावातले खूप जण भेटायला आले. दादा बोलत नाहीत म्हटल्यावर ते मोठमोठ्याने बोलायला लागले, जणू दादांना ऐकू येत नाही. मग त्यांच्याशी न बोलता आमच्याशी बोलायला लागले. मग यायचेच कमी झाले. ज्या ओट्यावर माणसांची ये-जा थांबायची नाही, तिथे दुपारभर मांजर झोपायला लागलं. सासूबाई त्यांना भरवायच्या, पुसायच्या, पण बोलायच्या नाहीत. इतकी वर्षं त्या घरात बोलायचं काम दादांचं होतं. त्यांचं काम ऐकायचं.

एका संध्याकाळी आमची मुलगी बाहेरच्या खोलीत कॉम्प्युटरवर खेळत होती. मी भाकऱ्या थापत होते. “म्हस कुठं हाय, दाव बगू,” असा आवाज आला आणि पाठोपाठ आतल्या खोलीतून खाटेवर काहीतरी आपटल्याचा. आम्ही धावलो. दादा डाव्या हाताने खाटेची कड ठोकत होते आणि बाहेर बोट दाखवत होते. सासूबाईंना वाटलं, आवाज बंद करा म्हणतायत. मी आवाज बंद केला तर त्यांनी आणखी जोरात ठोकलं.

मी आणि सासूबाईंनी धरून त्यांना बाहेर आणलं, खुर्चीत बसवलं. मुलीने माऊस त्यांच्या डाव्या हाताखाली सरकवला. पडद्यावर म्हैस, कोंबडी, बैल, बकरी. त्यांचाच आवाज त्यांना विचारत होता, म्हस कुठं हाय. डाव्या हाताला सवय नव्हती, बाण बकरीवर गेला. “नाय रं, परत बग. घाई कशाला?” दादांच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात माऊसवरून उठला नाही.

नवरा कामावरून आला तेव्हा ते तिथेच बसले होते. तो दारात थांबला. त्याने चप्पलही काढली नाही, तसाच मागे वळून अंगणात गेला. मी बाहेर गेले तर म्हणाला, “त्यांना लहान पोरासारखं बसवलंस? तेही त्यांच्याच आवाजासमोर?”

“अहो, ते स्वतःहून आले.”

“मला ऐकवत नाही तो आवाज,” तो म्हणाला.

मग रोज तसंच व्हायला लागलं. संध्याकाळी दादा खुर्चीत बसले की नवरा म्हशींना वैरण घालायला म्हणून गोठ्यात जायचा आणि आतला आवाज थांबेपर्यंत तिथेच राहायचा. दादांचं चुकणं चालूच होतं. नातीला सगळी उत्तरं येत होती, पण ती सांगायची नाही. तिचा आजा तिच्याशी खेळायचा तेव्हा असंच थांबायचा, हे तिच्या लक्षात असावं.

एकदा असंच झालं. विळा विचारला होता, दादांनी कोयत्यावर बाण नेला. आवाज आला, “नाय रं, परत बग. घाई कशाला?” दादा वैतागले होते. पडद्याकडे बघून, कपाळाला आठी घालून म्हणाले, “बगतो.”

शब्द जाड होता, पण स्पष्ट होता. माझ्या हातातलं पीठ तसंच राहिलं. सासूबाई उंबऱ्यात होत्या. दादांना स्वतःलाच पत्ता नव्हता की ते बोलले. मुलगी मात्र धावत गोठ्यात गेली आणि बापाला सांगितलं, “आजा स्वतःलाच बोलले.”

नवरा त्या दिवशी आत आला आणि दादांच्या मागे उभा राहिला. म्हशीची शिंगं काढताना दादा त्याच्या मागे उभे राहायचे, तसाच.

त्यानंतर आमचे रविवार पुन्हा सुरू झाले. त्याने दादांसाठी खेळ नव्याने बांधायला घेतला. चित्रं मोठी केली, वेळ वाढवला, डाव्या हाताने सोपं जाईल असं केलं. आणि घरातल्याच वस्तूंचे फोटो घातले. त्यांचा पंचा, दुधाचा कॅन, त्यांचीच काठी, चहाची कपबशी, परसातलं फणसाचं झाड. प्रश्न होता आवाज कोणाचा घालायचा. मी तयार होते, पण नवरा म्हणाला, “आई, तू बोल.”

सासूबाई चार माणसांत कधी बोलल्या नव्हत्या. माईक बघून पदर तोंडाशी नेला. “मला नाय जमायचं.” खूप विनवण्या केल्यावर बसल्या आणि एकदम अडल्या. स्वतःच्या नवऱ्याला, दादांना, उद्देशून काय म्हणायचं? नाव तर कधी घेतलं नव्हतं. शेवटी माईककडे न बघता, भिंतीकडे बघून म्हणाल्या, “अवो, ह्ये काय हाय? सांगा ना.”

आणि मग एकदा सुरू झाल्या त्या थांबेनात. आम्ही ठरवलेल्या वस्तू संपल्या तरी त्यांचं संपलं नव्हतं. म्हणाल्या, “वस्तूंचं ऱ्हाऊ दे. त्येंना काय पायजे ते मला कळत नाय, त्ये घाल. भूक लागली. थंडी वाजते. पाट दुखते. हितं नको, तितं बसव.” नवऱ्याने एकेक चित्र काढलं, त्यांनी एकेक वाक्य भरलं. इतके महिने त्या जे अंदाजाने करत होत्या ते सगळं त्या दुपारी बाहेर आलं.

दादा त्या आवाजाला उत्तर द्यायचे. आधी नुसती मान, मग अर्धा शब्द, मग शब्द. सासूबाई शेजारी बसलेल्या असल्या तरी ते पडद्यावरच्या त्यांनाच उत्तर द्यायचे आणि त्या लाजायच्या. काही शब्द आले, काही कधीच आले नाहीत. माणसांची नावं गेली ती गेलीच. मला, मुलीला, शेजारणीला सगळ्यांना ‘गं’, बाप्यांना ‘रं’. पण त्यावर त्यांचं भागत होतं.

चालायला लागल्यावर ते काठी टेकत बालवाडीत येऊ लागले. मुलांबरोबर खेळ खेळायचे. मुलांना त्यात काही विशेष वाटलं नाही. आज्याला येत नाही, तर शिकवायचं, एवढंच. एका मुलीने विचारलं, “आजा, तुमचा आवाज डब्ब्यात ऱ्हायला का?” मी तिला गप्प करणार होते, पण दादा हसले आणि मान हलवून म्हणाले, “ऱ्हायला.”

पुढच्या वर्षी मी त्यांना घेऊन कर्जतला गेले. त्यांना चपला घ्यायच्या होत्या. मी दुकानदाराला सांगायला तोंड उघडणार तोच दादांनी काठीने माझा पाय हलकाच ढोसला. दुकानदाराने एक जोड समोर ठेवला. दादा बराच वेळ बघत राहिले. दुकानात गर्दी होती, मागची माणसं खोळंबली होती. मग दादा म्हणाले, “ल्हान हाय.” दुकानदाराने दुसरा, मोठा पण लाल जोड काढला. “मोटी. पन काळी. ही… लाल, लाल नको.” काळी आली. त्यांनी पाय घातला, दोन पावलं टाकली आणि म्हणाले, “बराबर.” दुकानदाराला यात काही वाटलं नाही, त्याने पुढचं गिऱ्हाईक घेतलं. मला मात्र घरी येईपर्यंत टेंपोत बसून मुलांना शिकवलेलं एकेक आठवत होतं, लहान-मोठं, काळं-लाल.

दादा त्यानंतर बरीच वर्षं जगले. ओट्यावर पुन्हा माणसं यायला लागली होती. बोलणं ती माणसंच करायची, दादा मध्येच एखादा शब्द टाकायचे आणि सगळे हसायचे. एका उन्हाळ्यात, झोपेतच गेले. मग म्हशी विकल्या, मुलगी कॉलेजला गेली, आम्ही भिसेगावात राहायला आलो. आता बालवाडीत मोठा टीव्ही आहे, मुलांच्या हातात मोबाईल आहेत, आणि त्यांच्यावर शुद्ध मराठीत बोलणारे सुंदर खेळ आहेत. मला ते आवडतात. पण ऐकताना जाणवतं की ते बोलणाऱ्याच्या खिडकीखाली कोणाच्याही कोंबड्या नाहीत.

एक गोष्ट मात्र आम्ही ठरवून केली नाही, ती आपोआप सुरू झाली. दादा असतानाच खालापूरहून माझ्या माहेरच्या ओळखीची एक बाई आली. तिच्या भावाला तसाच झटका आला होता. दादांची सीडी द्या म्हणाली. नवरा म्हणाला, “ती चालणार नाही. त्यात आमचा फणस आहे. मी तुमच्याकडे येतो.” आणि रविवारी माईक आणि कॅमेरा घेऊन गेला. तो भाऊ रिक्षा चालवायचा, म्हणून मीटर, हँडल, पेट्रोल पंप असे फोटो काढले आणि त्याच्या मुलांचे आवाज घेतले. मग कोणी कोणाला सांगितलं, बोलावणी येत राहिली. निवृत्त झाल्यावर नवऱ्याने लॅपटॉप घेतला तो त्यासाठीच. मी बरोबर जाते. बायका माझ्याशी मोकळेपणी बोलतात.

गेल्या हिवाळ्यात आम्ही ठाकुरवाडीच्या बाजूला गेलो होतो. रेल्वेच्या रुळांवर काम करून निवृत्त झालेले एक आजोबा, झटका येऊन वर्ष होत आलेलं. घरी त्यांची बायको आणि नात. आजोबा आमच्याकडे बघायलाही तयार नव्हते. नवऱ्याने हातोडा, बावटा, कंदील, खडी यांचे फोटो काढले, नातीने एकेक शब्द भरला, आणि खेळ सुरू केला. ते दाराबाहेर डोंगराकडे बघत बसले. पडद्यावर आगगाडीचं चित्र आलं. नातीच्या आवाजात प्रश्न आला, “आजा, ह्ये काय हाय?”

त्यांनी वळून चित्र बघितलं. मग भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग पुन्हा चित्राकडे.

“लेट,” ते म्हणाले.

त्यांच्या बायकोने पदर डोळ्यांना लावला आणि हसायला लागली. “जल्मभर ह्येच बोलत आलाय,” ती म्हणाली. नवऱ्याने लॅपटॉप जरा पुढे सरकवला आणि विचारलं, “किती लेट, बाबा?” आजोबा विचार करायला लागले. आम्ही थांबलो. चुलीवर चहा उकळत होता, आणि कोणालाच कुठे जायची घाई नव्हती.